वंगण संपलंय, डॉक्टर! : दुरुस्त करू की बदलू?



माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन : "डॉक्टर, गुडघ्यातलं वंगण संपलंय हो." या जानेवारीत मात्र हे वाक्य एका वेगळ्याच पेशंटला लागू पडलं. तो पेशंट म्हणजे आमच्या पंचवटीतल्या दवाखान्याचा कॉम्प्युटर. वय वर्षे बारा.

तक्रार अशी होती. सकाळी सुरू केला की दहा-पंधरा मिनिटं घर्रर्र असा आवाज यायचा आणि मग हळूहळू थांबायचा. दुपारी अकरा-बाराच्या गर्दीत तो इतका संथ व्हायचा की एका पेशंटची जुनी नोंद उघडेपर्यंत पुढचे दोघं दारात उभे राहायचे. आमच्या काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "सर, म्हातारा झालाय तो आता. नवा घ्या."

मी जवळजवळ तयार झालो होतो. पण तीस वर्षांची सवय आडवी आली. पेशंट न तपासता त्याला म्हातारा ठरवायचं नाही, हे मी रोज घरच्या लोकांना सांगतो. मग इथे वेगळा नियम कसा?

आज त्या पंख्याची गोष्ट सांगणार आहे. तुमच्याही घरात असा घरघरणारा कॉम्प्युटर असेल, तर त्याला तेल द्यायचं की नवा पंखा बसवायचा, हे तुम्हाला ठरवता येईल. आणि मला या निमित्ताने एक जुनी चूकही कबूल करायची आहे.

आधी निदान

कॉम्प्युटरच्या डब्यात बहुधा तीन पंखे असतात. एक प्रोसेसरवर, एक मागच्या बाजूला गरम हवा बाहेर टाकणारा आणि एक वीजपुरवठ्याच्या डब्यात. आवाज नेमका कुणाचा? मी सरळ स्टेथोस्कोप काढला आणि डब्याच्या पत्र्यावर बाहेरून एकेका जागी टेकवला. ताई हसत होत्या, पण उत्तर मिळालं. घरघर प्रोसेसरच्या पंख्याची होती.

संथपणाचं कारणही तेच निघालं. प्रोसेसर तापू लागला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतेक प्रोसेसरची सहनशक्ती संपते, आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो. म्हणजे ताईंना जो म्हातारपणाचा संथपणा वाटत होता, तो खरं तर तापलेल्याने दमून हळू चालणं होतं. दम लागतो म्हणून येणाऱ्या कित्येक आजोबांना घरचे "वय झालं" म्हणून आणतात आणि तपासल्यावर हिमोग्लोबिन सात निघतं, तसंच हे.

तपमान आणि पंख्याचे मिनिटाला किती फेरे होतात, हे दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. आमच्या पंख्याचे फेरे जेमतेम १,१०० होत होते आणि गर्दीच्या वेळी प्रोसेसर ९० च्या पुढे जात होता. हे दोन्ही आकडे मी केसपेपरवर लिहून ठेवले. शिवाय डब्याला हात लावण्याआधी बारा वर्षांच्या सगळ्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. ऑपरेशनआधी रक्तगट तपासतो, तशी ही पायरी अजिबात गाळू नका.

रविवारचं ऑपरेशन

रविवारी डबा घरी आणला. जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरला आणि अण्णांना हाक मारली. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ८४. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटा आणि स्टॅम्प छापणारे सरकारी छापखाने. वर्तमानपत्राचा त्याच्याशी संबंध नाही.

डबा उघडला तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या फटीत धुळीचा कापसासारखा थर बसलेला. निम्मा आजार तिथेच होता. गॅलरीत नेऊन रंगाच्या कोरड्या ब्रशने तो काढला. हे करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची. हवेच्या झोताने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने पाती भरधाव फिरू दिली, तर आधीच झिजलेला भाग आणखी झिजतो आणि पंखा उलट वीज तयार करून मदरबोर्डकडे पाठवू शकतो.

मग चार कड्या सोडवून पंखा हीटसिंकवरून वेगळा केला. हीटसिंक उचलला नाही, कारण तो उचलला की खालची पेस्ट पुसून नव्याने लावावी लागते.

अण्णांनी पंखा हातात घेतला. बोटाने एक टिचकी मारली. निरोगी पंखा टिचकीनंतर बराच वेळ स्वतःच फिरत राहतो. हा एका फेरीत थांबला. मग त्यांनी मधला भाग दोन बोटांत धरून अलगद हलवून पाहिला. "खेळ आहे थोडा. पण फार नाही. बुश कोरडा पडलाय," ते म्हणाले. ही तपासणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, डॉक्टर आहेस ना? बाटली उलटी करून बघ."

उलटी केली. तेल पडेना. नाशिकची जानेवारी होती, तेल गोठलेलं होतं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली घट्ट होतं. म्हणजे थंडीच्या सकाळी पंख्याच्या सांध्यात मी मेण भरलं असतं. गंज सोडवणारा स्प्रेही चालत नाही, कारण त्यात मुख्यतः पातळ द्रावक असतं. ते उरलंसुरलं वंगण धुऊन टाकतं आणि स्वतः उडून जातं. एक-दोन दिवस पंखा छान फिरतो आणि मग आधीपेक्षा वाईट होतो. अण्णांनी आईच्या शिलाई मशीनच्या खणातली तेलाची कुपी आणली. पंख्याच्या पाठीवरचं स्टिकर उचलून, खालचं रबरी बूच काढून, सुईच्या टोकाने दोन थेंब सोडले. पाती हाताने दहा-बारा वेळा फिरवली, सांडलेलं तेल पुसलं, बूच आणि स्टिकर परत लावलं. थेंब जास्त झाले तर ते पात्यांवर उडतात आणि त्यावर आणखी धूळ बसते.

डबा सुरू केला. आवाज गेला. फेरे २,१०० झाले आणि गर्दीच्या वेळचं तपमान पुढच्या आठवड्यात ६५ च्या आसपास राहिलं. मी खूश. अण्णा मात्र म्हणाले, "पट्टी दे एक. आणि पेन." त्यांनी डब्याच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्यावर लिहिलं : ‘१९ जानेवारी. तेल २ थेंब.’

"हे कशाला?" मी विचारलं.

"प्रेसमध्ये आम्ही आवाज आला म्हणून तेल देत नव्हतो," ते म्हणाले. "तारखेला देत होतो. आणि तारखेच्या आत आवाज आला, तर तेलाचा डबा बाजूला ठेवून मशीन खोलत होतो."

नेमकं झिजतं काय?

ही घरघर कुठून येते ते समजून घेऊ, म्हणजे पुढचा निर्णय सोपा जाईल.

कॉम्प्युटरच्या पंख्यात मधोमध एक बारीक पोलादी दांडा असतो आणि तो एका नळीत फिरतो. त्या नळीला आपले मेकॅनिक ‘बुश’ म्हणतात. स्वस्त पंख्यांत हा बुश बहुधा ब्राँझच्या दाबलेल्या भुकटीचा असतो. त्याला स्पंजासारखी सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांत तेल मुरवलेलं असतं. दांडा फिरला की तेल पाझरून पृष्ठभागावर येतं, थांबला की परत आत मुरतं. दांडा धातूला घासतच नाही, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो.

गंमत म्हणजे आपल्या गुडघ्याची कूर्चा जवळजवळ अशीच आहे. हाडांच्या टोकांवरचा हा गुळगुळीत थर म्हणजे पाण्याने भरलेला स्पंज. तिच्या वजनात ७० ते ८० टक्के पाणीच असतं. पाय टेकला की दाबाने द्रव बाहेर येतो, पाय उचलला की आत शोषला जातो.

वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बुशातलं तेल उडतं, उरलेलं धुळीत मिसळून चिकट होतं. थंडीत ते आणखी घट्ट होतं म्हणून सकाळी आवाज येतो, आणि पंखा तापला की थांबतो. गुडघ्याच्या झिजेतही सकाळचा ताठरपणा असतो आणि तो साधारण अर्ध्या तासाच्या आत जातो. (तो तासाहून जास्त टिकत असेल आणि बोटांचे सांधे सुजत असतील, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. नक्की दाखवा.)

इथपर्यंत तेल कामाचं आहे. पण कोरडा पंखा बरेच दिवस तसाच चालवला की दांडा बुशाला घासू लागतो. गोल छिद्र लंबगोल होतं, दांडा डगमगतो. यानंतर कितीही तेल घाला, ते त्या रुंदावलेल्या फटीत टिकत नाही. कोरडेपणा तेलाने जातो, झीज भरून येत नाही. पंख्याच्या निर्णयाचं सगळं सार या एका वाक्यात आहे.

जुन्या टेबलफॅनचा बुश मेकॅनिक ठोकून काढतो आणि नवा बसवतो. ती खरी दुरुस्ती. कॉम्प्युटरच्या छोट्या पंख्यात बुश सहसा सांगाड्यातच घट्ट बसवलेला असतो आणि तो सुटा विकत मिळत नाही. म्हणून तिथे ‘दुरुस्ती’ म्हणजे बहुतेक वेळा साफसफाई आणि तेल एवढंच.

अण्णांचा गुडघा

आता ती कबुली.

अण्णांचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा ते सत्तरीत होते. मी एक्स-रे काढला, झीज दिसली. व्यायाम दिले, वजन कमी करायला सांगितलं, जिना टाळायला सांगितलं. हे सगळं बरोबरच होतं. वजन एक किलोने कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक साधारण चार किलोने हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो. आणि यंत्रापेक्षा आपण इथे भाग्यवान आहोत, कारण जिवंत सांधा आपलं वंगण स्वतः बनवतो आणि हालचालीने ते कूर्चेपर्यंत पोचतं. पुष्कळ लोकांचं एवढ्यावर वर्षानुवर्षं भागतं. त्यांना ऑपरेशन कधीच लागत नाही.

पण मी तारीख लिहिली नाही. म्हणजे, "तीन महिन्यांनी पुन्हा बघू; तोवर अमुक एवढं चालता आलं नाही, तर पुढचा विचार करू" असं काहीही ठरवलं नाही. दुखलं की गोळी, कमी झालं की विसरायचं. अशी चार वर्षं गेली. अण्णांचं फिरणं गोदाघाटापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आलं आणि मग घरातल्या घरात. कधी विचारलं तर म्हणायचे, "बरं आहे." मीही ते ऐकून मोकळा व्हायचो.

मग एका नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन दोन आलं. आदल्या वर्षी १.१ होतं. मी घाबरलो. विचारता विचारता कळलं की मी दिलेल्या गोळ्या पुरत नव्हत्या, म्हणून ते रोज दोन वेदनाशामक गोळ्या परस्पर औषधाच्या दुकानातून आणून घेत होते. मी विचारत नव्हतो आणि त्यांना मला त्रास द्यायचा नव्हता.

या गोळ्यांचा प्रश्न समजून घ्या. वेदना निर्माण करणारी जी रसायनं त्या दाबतात, त्यांपैकी काही मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखण्याचं काम करत असतात. तरुण माणसाला चार दिवसांत सहसा काही होत नाही. पण वय झालेलं असेल आणि जोडीला रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडाला फटका बसू शकतो. अण्णांना दोन्ही चालू होत्या. त्या मीच लिहून दिल्या होत्या.

आणखी एक गोष्ट. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती भरून येत नाही. आणि तिला वेदना कळवणाऱ्या नसाही नसतात. म्हणून दुखायला लागेपर्यंत झीज बरीच झालेली असू शकते, आणि दुखणं दाबलं म्हणून झीज थांबत नाही. पंख्याचा आवाज गेला म्हणजे बुश भरून आला असं नसतं, तसंच.

वेदनाशामक बंद केल्यावर तीन महिन्यांत क्रिएटिनिन १.४ वर आलं. पूर्वीच्या आकड्यावर ते आलं नाही, आजही नाही. त्यानंतर वर्षभराने, ७८ व्या वर्षी, अण्णांचा गुडघा बदलला. आता ते सकाळी काठी घेऊन अर्धा तास फिरतात. बदललेला सांधाही कायमचा नसतो, पण दहापैकी सुमारे आठ जणांचा तो २५ वर्षं टिकतो, असं मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. अण्णांच्या वयाला ते पुरेसं आहे.

मग मी चार वर्षं का थांबलो? खर्चासाठी नाही. माझ्या वडिलांना ऑपरेशन टेबलवर पाहायची मला भीती वाटत होती. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर दुसऱ्या वर्षीच सर्जनकडे पाठवले असते. मी उपचार करत नव्हतो, निर्णय पुढे ढकलत होतो. आणि त्या ढकलण्याला मी ‘आपण सांभाळून घेतोय’ असं म्हणत होतो.

एप्रिल

परत पंख्याकडे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकला आणि घरघर पुन्हा सुरू झाली. या वेळी ती फक्त सकाळी नव्हती, दिवसभर होती. खोलीतली हवाच जानेवारीपेक्षा पंधरा-वीस अंशांनी गरम असेल, तर प्रोसेसरही तेवढाच जास्त तापतो. पंख्याची खरी परीक्षा उन्हाळ्यातच असते.

डबा उघडला. पट्टीवर १९ जानेवारी. जेमतेम तीन महिने झाले होते. मी सवयीने तेलाची कुपी हातात घेतली. खरं सांगायचं तर गर्दीचे दिवस होते, दोन थेंबांनी महिनाभर निभलं असतं.

अण्णांनी पंखा हलवून पाहिला. आता तो स्पष्ट डगमगत होता, पातं एका बाजूला सांगाड्याला घासल्याची रेघही होती. "बुश गेला. तेल राहणार नाही यात," ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या कुपीकडे बघून, अगदी सहज, "माझ्या गुडघ्याच्या वेळी पट्टी लावली नव्हतीस."

रागाने म्हणाले नाहीत. पण मी कुपी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एमजी रोडवर गेलो. दुकानदाराने जुना पंखा हातात घेऊन विचारलं, "डॉक्टर, साधा बुशचा देऊ की बेअरिंगचा?" बॉलबेअरिंगचा थोडा महाग असतो आणि जुना झाल्यावर जास्त आवाज करतो, पण उष्णतेत सहसा जास्त टिकतो. तिसरा प्रकार द्रवावर तरंगणाऱ्या बेअरिंगचा. तो सर्वांत शांत, टिकायलाही चांगला, पण आणखी महाग. मी बॉलबेअरिंगचा घेतला. साडेतीनशे रुपये. सगळा कॉम्प्युटर बदलायला निघालो होतो, त्याऐवजी एक पंखा बदलला.

नवी पट्टी लावली आहे. बसवल्याची तारीख आणि त्या दिवसाचे फेरे त्यावर लिहिले आहेत.

तुम्ही कसं ठरवाल?

१. आधी साफसफाई, मग निदान. पुष्कळदा धूळ काढल्यावरच प्रश्न सुटतो.

२. मधला भाग हलवून बघा. खेळ नाही किंवा नगण्य आहे, पण टिचकीनंतर पंखा लगेच थांबतो : हा कोरडेपणा आहे. तेल द्या. खेळ स्पष्ट आहे, पातं घासतंय किंवा तुटलंय, अथवा पंखा ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही : बदला.

३. तेल शिलाई मशीनचं, एक-दोन थेंब. आणि तारीख लिहा. वर्षभर शांत राहिला तर तुमची दुरुस्ती यशस्वी. दोन-तीन महिन्यांतच आवाज परत आला, तर दुसऱ्यांदा तेल घालू नका.

४. पंखा बंद पडला तर काय बिघडेल, हा प्रश्न विचारा. मुलांच्या खेळाच्या जुन्या कॉम्प्युटरवर तेलाचा प्रयोग जरूर करा. रोजचा हिशेब किंवा कुणाच्या तब्येतीच्या नोंदी ज्यावर आहेत, तिथे शंका आली की बदला.

५. नवा घेताना जुना सोबत न्या. आकार, जाडी, व्होल्ट (बहुधा १२) आणि पिनांची संख्या (तीन की चार) जुळली पाहिजे.

६. लॅपटॉपचा पंखा चपटा आणि बंदिस्त असतो. तो साफ करून घ्या, पण बिघडला तर पूर्ण भागच बदलावा लागतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आहे. दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयी कंपन्यांची माहिती तिथे बघता येते.

७. जुना पंखा घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर ढकलू नका. ई-कचरा म्हणून वेगळा द्या.

दोन ठिकाणी हात लावू नका

पहिलं ठिकाण म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. त्याचा पंखा आतल्या बाजूला असतो आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो. तिथला पंखा घरघरला तर जाणकाराकडे द्या किंवा तो डबाच बदला.

दुसरं ठिकाण डॉक्टर म्हणून आवर्जून सांगतो. कोविडनंतर बऱ्याच घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. त्यातही थंड करणारा पंखा असतो आणि तोही धुळीने आवाज करतो. त्याला घरी कधीही तेल देऊ नका. ऑक्सिजन जास्त असलेल्या हवेत तेल-ग्रीस सहज पेट घेऊ शकतं. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बाहेरचा फिल्टर धुणं एवढंच आपलं काम, बाकी कंपनीच्या माणसाचं. हेच रात्री नाकावर मास्क लावून वापरायच्या मशीनलाही लागू आहे.

जाता जाता

"गुडघ्यात वंगणाचं इंजेक्शन देऊन टाका," असं म्हणणाऱ्यांना मी आता पंख्याची ही गोष्ट सांगतो. ते जेलचं इंजेक्शन काहींना काही काळ बरं वाटायला मदत करतं, पण झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. ते सगळ्यांना सरसकट देऊ नये, असंच अनेक मार्गदर्शक सूचना सांगतात. द्यायचंच ठरलं तर हरकत नाही, पण सोबत तारीख लिहू. किती चाललात, किती जिने चढलात, किती गोळ्या लागल्या, ते लिहू. गोळ्या माझ्याच नव्हेत, दुकानातून आणलेल्याही.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना "कसं आहे?" असं विचारू नका. ते "बरं आहे" म्हणणारच. "काल कुठपर्यंत गेला होतात?" असं विचारा.

असो. आज रविवार आहे. अण्णा फिरून आलेत आणि डब्याचं झाकण उघडून पट्टी वाचत बसलेत. तुमच्या घरातल्या एखाद्या पट्टीवर कोणती तारीख लिहायची राहून गेली आहे, ते आज बघून घ्या.

काळजी घ्या.